पायातले चाळ

"लघवी लागल्यासारखं वाटलं की लगेच सांगा, मावशी," डॉक्टर म्हणाली. यंत्राच्या नळीतून मूत्राशयात हळूहळू पाणी जात होतं. लंकाबाई टेबलावर निजल्या होत्या. पाय हलू नयेत म्हणून घोट्यांना पट्टे बांधले होते.

मूत्राशय भरत आलं तरी त्यांना काही जाणवत नव्हतं. बायकांची ही जाणीव का मरते, यावरच डॉक्टरचं संशोधन चाललं होतं. "तुम्ही पूर्वी दाबून धरायचात का?"

"धरावीच लागायची. तमाशात नाचायची मी. चाळ म्हणजे आमचा देव. पूजा करून पायात बांधले, की खेळ संपेपर्यंत आडोशाला जायचं नाही." लंकाबाईंना हसू आलं. "मग आमची थोरली आक्का पुढ्यात बसायची. माझे पाय मांडीवर घेऊन दोऱ्या सोडायची. गार हात तिचे. गाठ सुटली की मगच कळायचं, किती लागलीय ते."

"आता कुठं असतात त्या?"

"गेली. मागच्या माघात."

डॉक्टरनं यंत्र बंद केलं. पायथ्याशी येऊन ती गारठलेल्या बोटांनी घोट्यांचे पट्टे सोडू लागली.

"ताई," डोळे मिटूनच लंकाबाई म्हणाल्या, "आत्ता लागली."