शिफ्टअखेरच्या सहा बाटल्या

आकडे पुन्हा चढले होते. या खेपेला सहाही जणांचे.

प्रयोगशाळेतल्या बाई कागद घेऊन रंगखोलीबाहेर बसल्या होत्या. कारखाना लोखंडी कपाटांचा. आत सहा रंगारी स्प्रेगनने रंग मारत. थिनरची वाफ श्वासातून रक्तात जाते आणि तिचा माग लघवीत उतरतो, म्हणून शिफ्ट सुटताना प्रत्येकाने एक बाटली भरून द्यायची. एरवी दर अर्ध्या तासाला बाहेर पळणारी माणसं बाटली हातात आली की एकदम संन्यासी होत.

पहिल्या खेपेला एकाचाच आकडा हद्दीबाहेर गेला होता. आरसेमिस्त्रींचा. त्यांनी रंगवलेल्या दारात बघून भांग पाडता येई, म्हणून हे नाव. गोम अशी, की न चुकता मास्क लावणारे तेवढेच. बाकीच्यांचे मास्क कपाळावर, गळ्यात, एकाचा तर खिशात. आणि सगळे रंगाने बरबटलेले. मिस्त्रींचा मात्र आतून-बाहेरून लखलखीत. बाईंनी तेव्हाच पाच जणांना झापलं होतं, "मास्क कसा वापरावा ते मिस्त्रींकडून शिका." ते शिकले. आता सगळे मास्क तोंडावर होते, सगळे लखलखत होते आणि सगळे आकडे चढले होते.

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल," मालक म्हणाले.

"सहाही वाईट आहेत. कोणाची कोणाशी बदलणार?"

मालकांनी विचार करून पाहिला. तो जमेना, म्हणून त्यांनी निर्णय घेतला. "मिस्त्रींना सोमवारपासून पॅकिंगला टाकतो. सुरुवात त्यांच्यापासूनच झाली."

बावीस वर्षं गन धरलेला हात आता पुठ्ठ्याला सुतळी बांधणार होता. मिस्त्री बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, मला कसलं व्यसन नाही. ही पोरं म्हणतात, मी थिनर पितो."

"चहात घेतात, दोन चमचे," आतून कुणीतरी म्हणालं.

"गप रे. मॅडम, कुठे चुकतोय तेवढं सांगा. मग कुठेही टाका."

बाईंनाही तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या रंगखोलीच्या दाराशी स्टुलावर बसून राहिल्या. पंखा वाफ बाहेर ओढत होता. मास्कचे फिल्टर नवे होते. हातमोजे होते. मिस्त्री मास्क चढवत, पट्टा ओढत, फट उरली नाही ना हे हनुवटीखाली बोट फिरवून बघत. पुस्तकात असतं अगदी तसं. बाईंच्या वहीचं पान कोरंच राहिलं.

चहाची सुट्टी झाली. सगळे मास्क काढून बाहेर आले. चहा संपवून मिस्त्रींनी कट्ट्यावरच्या एका डब्याचं झाकण फिरवलं, फडकं आत बुचकळलं, पिळलं आणि लहान मुलाचे कान पुसावेत तसं मास्कच्या आतून हळुवार फिरवलं. मग तो ओलसर मास्क तोंडावर चढवला.

बाई उठून जवळ गेल्या. डबा थिनरचा होता.

"मिस्त्री, हे रोज करता?"

"दिवसातून चारदा." मास्कमधून आवाज जरा घोगरा आला. "पाण्याने रंग निघतो होय?"

बाईंनी हात लांबवून मास्क त्यांच्या तोंडावरून उतरवला आणि दुसऱ्या हाताने फडकं काढून घेतलं. "सोमवारी तुम्ही रंगखोलीतच यायचं. मालकांशी मी बोलते. साबण-पाणी घ्या, नाहीतर मास्क नवा मागा. हे फडकं मी नेते."

"नेऊ नका, मॅडम," पाठीमागून आवाज आला. पाच जण मास्क उलटे धरून शिस्तीत रांगेला उभे होते. "आमचे पाच राहिलेत अजून."