पन्नासावी बॅट

शहाद्याच्या अभिनंदनने सह्यांच्या पन्नास बॅटी ऑनलाइन विकल्या. एकोणपन्नासांवर सह्या त्याने स्वतःच ठोकल्या, आणि त्यांना पाच-पाच तारे मिळाले. पन्नासावी सही तेवढी खरी. एका म्हाताऱ्या कसोटी क्रिकेटपटूने ती दुकानात बसून, चहा पीत केली.

बनावट म्हणून तक्रार आली ती नेमकी तिचीच. तक्रार टिकली तर ऑनलाइन दुकान कायमचं बंद.

अभिनंदनने बायको एकताने त्या वेळी काढलेला फोटो न उघडताच पुरावा म्हणून धाडला.

तक्रार करणाऱ्या नवापूरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "शेठ, फोटोमा सही ते तुम्हीच करी ऱ्हायनात!"

त्याने फोटो उघडला. पेन त्याच्याच हातात होतं. समोरची खुर्ची रिकामी होती.

"एकता, त्या दिवशी इथं कोण बसलं होतं?"

"तुम्ही एकटेच होतात," बायको म्हणाली. "तरी चहा दोन कप मागवलात. दोन्ही कप रिकामे परत गेले."