मेन बंद आहे

पलंगाजवळ मोबाइलसाठी एक सॉकेट वाढवायचं होतं. "इलेक्ट्रिशियनला बोलव," बायको म्हणाली. एवढ्याशा कामाला? मी खाली मीटरपाशी जाऊन स्वतःच्या हाताने मेन स्विच बंद करून आलो. तरी तिने भांडी घासायचे रबरी हातमोजे माझ्या हातात कोंबलेच, वर लाकडी स्टुलावर बसवलं. म्हणे, "टेस्टर लावून बघ आधी." मी नुसता हसलो. मेन बंद करून पुन्हा टेस्टर लावायचा, म्हणजे स्वतःवरच अविश्वास.

अंगावर छान वारा येत होता. जुन्या सॉकेटमधून वायर पुढे ओढली, नवं सॉकेट जोडलं, शेवटचा स्क्रू पिळला. काम असं देखणं झालं, की माझीच मला दृष्ट लागावी.

तेवढ्यात शेजारचे काका घाम पुसत आत आले. "कधीची लाइट गेलीय आमची. तुमच्याकडेही नाही ना?"

"नाही," मी ऐटीत म्हणालो, "आमची मीच बंद केलीय."

काकांनी आधी माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं, मग छताकडे.

"मग हा पंखा कसा फिरतोय?"