एकमत होईपर्यंत

"'फेटल' हा शब्द पाहून ग्राहक घाबरेल," निषाद म्हणाला.

"ग्राहक आयुर्विमा विकतो," स्वरदा म्हणाली. "त्याचं घर त्याच शब्दावर चालतं."

एकनाथ सरांनी डोळे मिटले. हिंजवडीतल्या त्या बंद खोलीत दर मंगळवारी हेच चालायचं. प्रश्न साधा होता. प्रोग्रॅम कुठे चालला, कुठे अडखळला याची नोंद ठेवणारं एक तयार फ्रेमवर्क निवडायचं होतं. स्वरदाला लॉगफोरजे हवं होतं. त्यात प्रोग्रॅम पार कोलमडला की 'फेटल', म्हणजे प्राणघातक, असं उमटायचं. निषादला जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर आपोआप येणारं हवं होतं. दोन्हींनी काम भागलं असतं. सरांना तर कुठलंही चाललं असतं. पण कंपनीला नुकतंच गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळालं होतं आणि तेव्हापासून तिथे एकमताशिवाय काहीच निवडता येत नव्हतं. कॅन्टीनचा नवा कंत्राटदार एकमताने निवडायचा ठरला, तेव्हापासून लोक घरून डबे आणत होते.

स्वरदाला बंगळूरच्या शाखेतून या निवडीपुरतं उसनं आणलं होतं. निवड झाली की तिने परत जायचं. तिथे बढती तिची वाट पाहत होती.

निषाद लातूरचा, मान खाली घालून काम करणारा. ती येईपर्यंत त्याने कुणाला साधा विरोध केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आता मात्र हरकतींना खळ नव्हता. एकदा फाईलींच्या नावांवर, एकदा तारखेच्या मांडणीवर. मागच्या खेपेला तर नुसतंच "मला मनापासून पटत नाही." सरांनी इतिवृत्तात 'तांत्रिक कारण' असं लिहिलं.

संध्याकाळी बावधनला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही वाद चालूच. मागच्या सीटवर, शेजारी शेजारी.

"ओ ताई, पुढं जागा हाय की! मागं लई आदळतंय," जवळच्याच नेरे गावचा ड्रायव्हर कुशाबा आरशात बघून ओरडायचा.

"असू दे हो मामा, यांचा मुद्दा खोडायचा राहिलाय."

त्या मंगळवारी सरांनी डोळे उघडले आणि खिशातून शेवटचं अस्त्र काढलं.

"बंगळूरहून फोन होता. स्वरदा शुक्रवारपर्यंत तिथे रुजू झाली नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला देणार आहेत."

निषाद खिडकीकडे वळला. बाहेर भाताच्या खाचरात एका नव्या इमारतीचे खांब उभे राहिले होते. त्याने ते बराच वेळ पाहिले. ते काल होते तेवढेच होते.

"माझी हरकत नाही, सर," तो म्हणाला. "लॉगफोरजेच घ्या. पहिल्या दिवसापासून तिचंच बरोबर होतं."

सरांचा कानांवर विश्वास बसेना. त्याचं मन बदलायच्या आत त्यांनी कागद पुढे सरकवला. निषादने मान खाली घालून सही केली. पेन स्वरदाकडे गेलं.

स्वरदाने पेनाला टोपण लावलं.

"थांबा, सर," ती म्हणाली. "तो 'फेटल' शब्द... ग्राहक खरंच घाबरेल हो."