मावशींना काय माहीत

"लिफ्टमध्ये कोणी पाऊल टाकू नका, सर. सकाळपासून दोनदा घसरलीय," सफाईवाल्या मावशींनी दारातून सांगितलं. एम.ए.च्या वर्गात ज्ञानाच्या आधुनिक सिद्धान्तांचा तास चालला होता आणि सरांना आयतंच उदाहरण सापडलं. "लिफ्ट पडणार हे मावशींना माहीत आहे, की नुसतं वाटतंय? बोला!"

"मावशी, इंजिनियर कधी झालात?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, तसा वर्ग खो-खो हसला. त्यांना जा म्हणायचं कोणाला सुचलं नाही, म्हणून मावशी झाडू धरून उभ्याच राहिल्या. तासभर काथ्याकूट झाल्यावर एकमतानं ठरलं, की मावशींना नुसतं वाटतंय. पोरं हसत हसत लिफ्टमध्ये शिरली. सर मात्र दुखरे गुडघे सांभाळत जिन्यानं उतरले.

लिफ्ट कोसळली. तीन पोरं गेली.

चौकशीला आलेल्या साहेबांपुढे मावशींनी हात जोडले. "मी आधीच सांगितलं होतं हो. सरांना विचारा ना."

साहेबांनी विचारलं. या खेपेला सरांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"हो, मावशींना पक्कं माहीत होतं," ते म्हणाले. "तरी त्यांनी लिफ्ट बंद केली नाही."