कोरडी जखम

मणक्याचं ऑपरेशन संपत आलं होतं. पालथ्या पेशंटच्या पाठीतली जखम इतकी कोरडी होती की सर्जन खुशीत आले. "बाहेर त्याच्या बायकोला सांगून या, चमचाभरसुद्धा रक्त गेलं नाही." नर्स निरोप घेऊन गेली.

"सर, बीपी उतरतंय," उशाशी बसलेली भूलतज्ज्ञ म्हणाली.

"इथे टिपायला रक्त नाही आणि बीपी कसलं उतरतंय? तुमचं मशीन बघा."

जखम तिलाही दिसतच होती. तिने दंडावरचा पट्टा बदलला, मग दुसरं मशीन ओढून घेतलं. तेही तेच सांगू लागलं. यात दहा मिनिटं गेली.

शेवटी तिने पेशंटच्या पोटाखाली हात घातला. सकाळी त्याला पालथं करताना पोट उशांमध्ये अधांतरी राहील असं तिनेच बघितलं होतं. तेव्हा हात आरपार फिरला होता. आता बोटंसुद्धा शिरेनात.

"सर, उताणा करा याला. कण्यापुढची रक्तवाहिनी कापली गेलीय. सगळं रक्त पोटात आहे."

तेवढ्यात नर्स दार ढकलून आत आली.

"सांगितलं, सर. बाईंच्या जिवात जीव आला."