पायरीवरच्या चपला

दुकान विकल्यापासून त्र्यंबकराव नौपाड्यातल्या त्या रस्त्याकडे फिरकलेही नव्हते. पण जुन्या-नव्या ठाण्याच्या प्रदर्शनासाठी दुकानाच्या जुन्या फोटोशेजारी आजचाही नेमक्या त्याच जागेवरून हवा, आणि ती जागा त्यांनाच ठाऊक, म्हणून लेकीने, हेमाने, त्यांना रिक्षात बसवलंच. जुन्या फोटोत त्यांच्या कापडदुकानातली गादी अंधारात होती. उजेडात फक्त पायरीवरची, गिऱ्हाइकांच्या चपलांची रांग. आता तिथे काचेच्या दाराआड मोबाइल लखलखत होते. बाबा चिडतील की रडतील, या धास्तीने हेमाने कॅमेरा खालीच धरला. बाबा मात्र सवयीने पायरीवर चपला काढून आत शिरले. काउंटरवरची मुलगी हसली, “अहो आजोबा, चपला घालूनच या, इथे कुणी काढत नाही.” “असू दे गं. गादी गेली तरी दुकान आहे ना?” बाबा स्टुलावर टेकले. “जन्मभर मी दाखवलं, आता तू दाखव.” हेमाने त्यांच्या चपलांशेजारी आपल्याही काढून ठेवल्या, मगच फोटो काढला.